बावीस पाकिटांवरचा पत्ता

रेनबर्ग, १२ डिसेंबर

प्रिय ओटिलिया हिस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, असं लिहायची आपल्यात पद्धत आहे, म्हणून लिहिलं. इकडे काहीही ठीक नाही. माझा डावा गुडघा जिना चढताना आवाज करतो आणि उजवा उतरताना, त्यामुळे मी कुठे आहे हे शेजाऱ्यांना नेहमी कळतं. नॉर्बर्ट यांच्या पित्ताशयातले खडे निघाले हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि खडे बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवत जाऊ नका म्हणावं. अ‍ॅरिझोनात थंडी पडली आणि तू स्वेटर काढलास असंही तू लिहितेस. ओटिलिया, आज सकाळी माझ्या दाराचं कुलूप गोठलं होतं, ते मी चहाच्या किटलीने उघडलं. स्वेटरबद्दल पुन्हा लिहू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, तुमची ती बाई पडली म्हणे," आणि माझं उत्तर न ऐकता अंगणातल्या संत्र्यांवर घसरलीस. संत्र्यांचं मी ऐकून घेतलं. आता माझं ऐक. पत्र असल्यामुळे तुला मध्ये बोलता येणार नाही, हा पत्राचा मोठाच फायदा आहे.

आलोईसदादा राहतो ते नॉटबुर्गा सदन तुला आठवतं तसं राहिलेलं नाही. आपल्या चर्चने ते चालवलं तोवर तिथे रविवारी भाजलेल्या डुकराचा वास यायचा आणि सगळे एकमेकांशी भांडायचे, म्हणजे घरच होतं. दोन वर्षांपूर्वी दूरच्या कुठल्याशा राज्यातल्या कंपनीने ते विकत घेतलं, नाव बदलून "हिरवी कुरणं" ठेवलं (समोर गाड्या लावायची डांबरी जागा आहे) आणि ज्यांचा खर्च राज्य सरकार भरतं अशा सगळ्या म्हाताऱ्यांना पत्र धाडलं, की एकतीस डिसेंबरपर्यंत खोल्या रिकाम्या करा. तेवीस जण. त्यात आपला दादा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, चाकाच्या खुर्चीत, आणि त्या पत्राच्या शेवटी त्याला "नव्या वाटचालीस शुभेच्छा" दिल्या होत्या. वाटचाल!

इमारत विकताना कंपनीने चर्चला लिहून दिलं होतं, की आत असलेल्या कुणालाही बाहेर काढणार नाही. तो कागद आहे. त्याच्या नकलेसह आम्ही अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केली, कारण असल्या कंपनीला कोर्टात खेचायची ताकद राज्यात त्याच एका वकिलाच्या हातात असते आणि म्हणूनच त्याला आपण मतं देऊन निवडतो. रॉडनी ओप्सेट हे त्या खुर्चीतले सद्गृहस्थ. चौदा महिने तक्रार त्याच्याकडे "विचाराधीन" होती. एवढ्या विचारात माणूस तत्त्वज्ञ होतो. ओप्सेट पुन्हा उमेदवार झाला.

त्याच्याविरुद्ध उभी होती मार्सेला टेश्नर. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी ती आपल्या चर्चच्या तळघरात मासे खायला आली. (उमेदवार येतात ते हात मिळवायला येतात, ही बाई रांगेत उभी राहिली आणि दोनदा वाढून घेतलं.) सदनातल्या ह्यूगो बाऊम्लरने तिला तिथेच गाठलं. म्हणाला, "बाई, निवडून आल्यावर आम्हाला ओळखाल का?" ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या टेबलावरचा सगळा सॉस मी संपवलाय. तुम्हीच मला विसरणार नाही." मग तिने ताट खाली ठेवलं आणि सांगितलं, की शपथ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कंपनीवर दावा लावीन, आणि निवडून आले तर ते ऐकूनच कंपनी एकतीस तारीख पुढे ढकलेल. मी पन्नास वर्षं राजकारणी माणसांची भाषणं ऐकली आहेत. तारीख सांगणारी ही पहिलीच.

तेव्हा मी ठरवलं, की त्या तेवीस जणांची मतं मी स्वतः करून घेणार. त्या सगळ्यांना मतदानकेंद्रावर नेणं अशक्य, म्हणून मतपत्रिका पाकिटातून मागवल्या. पाकिटाचा नियम तुला ठाऊक आहे: मतदार सही करतो, शेजारी साक्षीदार सही करतो आणि साक्षीदाराने आपला पूर्ण पत्ता लिहायचा असतो. साक्षीदार मी. साक्षीदाराने मत पाहायचं नसतं, म्हणून मी तेवीस वेळा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर कंपनीने हसणाऱ्या म्हातारीचं चित्र लावलंय, तिचे दात मला आता पाठ आहेत. दादाची पाळी आली तेव्हा फार वेळ लागला. मी भिंतीला विचारलं, "झालं का रे दादा?" तो म्हणाला, "घाई कसली? मला एकतीस डिसेंबरपर्यंत वेळ दिलाय."

आता जे लिहिते ते तू नॉर्बर्ट यांना वाचून दाखवू नयेस.

पाकिटांचा गठ्ठा माझ्यासमोर होता. पहिल्या पाकिटावर मी सही केली आणि पूर्ण पत्ता लिहिला: घर क्रमांक, रस्ता, गाव, राज्य, पिन. उरलेल्या बावीस पाकिटांवर सही केली आणि पत्त्याच्या जागी लिहिलं, "वरीलप्रमाणे".

हसू नकोस. तूही हेच केलं असतंस. सिस्टर युसेबियाने आपल्याला काय शिकवलं होतं? तेच तेच पुन्हा लिहिणं म्हणजे शाईची उधळपट्टी आणि वाचणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान. सहा वर्षं त्या कॉन्व्हेंटमध्ये वहीच्या प्रत्येक पानावर आपण "वरीलप्रमाणे" लिहीत आलो, आणि ज्या मुलीने तारीख दोनदा लिहिली तिच्या बोटांवर पट्टी बसली. माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं. बावीस वेळा, एकही डाग नाही.

मतमोजणीच्या दिवशी डोरोथिया क्लिंकने ती पाकिटं काहीही न बोलता घेतली. डोरोथिया आपल्या गावची कारकून आहे, माझं घर तिला सत्तर वर्षं ठाऊक आहे, तिने माझ्या खिडकीची काच फोडली होती तेव्हापासून. पाकिटं उघडली, मतपत्रिका बाकीच्या टपाली मतांच्या गठ्ठ्यात गेल्या, मोजल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की अख्ख्या राज्यात ओप्सेट दोनशे तीन मतांनी पुढे आहे. पंचवीस लाख मतांत दोनशे तीन! टेश्नरबाईंनी फेरमोजणी मागितली, जी मागायलाच हवी होती, आणि आम्ही सदनात केक कापला, जो कापायला नको होता.

आपल्या जिल्ह्याची फेरमोजणी ठेवली शनिवारी. कुठल्या शनिवारी, विचार. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या शनिवारी. इतकी वर्षं वाळवंटात राहून तू विसरली असशील, पण त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात लग्न होत नाही, दात काढत नाहीत आणि शहाणी माणसं मरतसुद्धा नाहीत, कारण खांदा द्यायला कोणी मिळत नाही. ओप्सेटने राजधानीतून एक तरुण वकील पाठवला होता. चकचकीत बूट, केस विंचरलेले, आयुष्यात हरीण फक्त बशीत पाहिलेला. टेश्नरबाईंच्या बाजूने हजर राहणार होता आपला एल्मर राडके. सकाळी नऊला मोजणी सुरू झाली तेव्हा एल्मर काउंटीच्या दुसऱ्या टोकाला एका ओक वृक्षावर बारा फुटांवर फळीवर बसला होता, फोन बंद करून. त्याच्या बायकोने मला सांगितलं, "दहापर्यंत उतरतो म्हणालाय. पण सेंझी, हरणाला घड्याळ नसतं." (तिला मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला तरी आहे ना. ती म्हणाली, आहे, पण ते घरी ठेवून जातो.)

त्यामुळे दहा वाजून पाच मिनिटांनी त्या वकिलाने पाकिटांच्या पेटीतून एक पाकीट दोन बोटांत उचललं, तेव्हा आमच्या बाजूने उभी राहिले मी.

"मॅडम, ही सही आपली?"

"इतकं चांगलं अक्षर दुसऱ्या कोणाचं असणार?"

"पत्ता 'वरीलप्रमाणे' आहे. वरील म्हणजे कशाच्या वर?"

"पहिल्या पाकिटाप्रमाणे. ते वर ठेवलं होतं."

"आता ते कुठे आहे?"

आता ते पलीकडच्या टेबलावर तिसऱ्या पेटीत होतं. मी तसं सांगितलं. मागे कोणीतरी खोकलं. डोरोथिया माझ्यासाठी धावून आली, देव तिचं भलं करो, म्हणाली, "अहो, ही सेंझी आहे! चर्चच्या मागचं पांढरं घर! अख्ख्या गावाला माहीत आहे!" वकील फार सभ्यपणे म्हणाला, "गावाला माहीत आहे, पाकिटाला माहीत नाही." मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, की आपण पूर्वी काय करत होता? ओटिलिया, मी त्या क्षणी खोटं बोलायला हवं होतं. पण समोर बायबल होतं आणि आपलं शिक्षण आड आलं. मी सांगितलं: चौतीस वर्षं रेनबर्गच्या पोस्टात. शेवटची एकोणीस वर्षं पोस्टमास्तरीण.

वकिलाने ते पाकीट आता दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं.

निर्णय तीन जणांच्या मंडळाचा. डोरोथिया आमच्या बाजूने. दुसरी बाई जिल्ह्याच्या कचेरीतली, ती नियमाच्या बाजूने. नियमाला तोंड असतं तर अगदी तिच्यासारखं दिसलं असतं. उरला व्हर्जिल लुट्झ. तुला आठवत असेल, चर्चमध्ये आपल्या मागच्या बाकावर बसून आपल्या वेण्या एकमेकींना बांधणारा. व्हर्जिलने पाकीट डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं, आणि म्हणाला, "सेंझी, एकोणीसशे ब्याऐंशीच्या नाताळात माझ्या सासूने पाठवलेलं पार्सल तू परत धाडलं होतंस. घर क्रमांक नव्हता म्हणून."

मी म्हटलं, "नियम होता, व्हर्जिल."

"मी तुला म्हणालो होतो, मी तुझ्या समोर उभा आहे, मीच व्हर्जिल लुट्झ, दे ते पार्सल. तू काय म्हणालीस?"

मी काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. ते मी इथे लिहीत नाही.

"आत सॉसेज होतं," व्हर्जिल म्हणाला. "सहा आठवड्यांनी सासूला परत मिळालं." आणि त्याने पाकिटं बाद करण्याच्या बाजूने हात वर केला. एकाविरुद्ध दोन.

आता पुढचं ऐक, कारण हे मी शपथेवर सांगितलं तरी तुझ्या अ‍ॅरिझोनात कोणी विश्वास ठेवणार नाही. बावीस पाकिटं बाद. पण त्यांतल्या मतपत्रिका कधीच इतरांत मिसळलेल्या, आणि मतपत्रिकेवर नाव नसतं. मग काय करायचं? आपल्या राज्याचा नियम असा, की टपाली मतांच्या सगळ्या गठ्ठ्यातून न बघता कुठल्याही बावीस काढायच्या आणि बाजूला ठेवायच्या. कुठल्याही! पाप माझं, आणि शिक्षा ज्याचा कागद हाताला लागेल त्याला. एकशे साठ मतपत्रिका टेबलावर पसरल्या. व्हर्जिलने बाह्या सारल्या, मान वर करून छताकडे पाहिलं, आणि लॉटरीची चिठ्ठी काढावी तशी एकेक मतपत्रिका ओढू लागला. ह्यूगोचं मत गेलं असेल, दादाचं गेलं असेल, फादर किलियन यांचंही गेलं असेल, ज्यांनी माझ्या पाकिटांना हातसुद्धा लावला नव्हता. मी मोजत होते. सतरा टेश्नरबाईंची, पाच ओप्सेटची. म्हणजे माझ्या सुंदर अक्षराने तिचं बारा मतांचं नुकसान केलं.

त्याच वेळी दार उघडून एल्मर आत आला. डोक्यापासून पायापर्यंत शिकाऱ्यांचा भगवा पोशाख, दाढीत ओकचं पान, कमरेला दोरखंड. म्हणाला, "आक्षेप!"

जिल्हा कचेरीतल्या बाईंनी त्याला बंदूक बाहेर ठेवून यायला सांगितलं.

(हरीण मिळालं नाही. तेही मी इथे नोंदवून ठेवते.)

राज्यभरची फेरमोजणी संपली तेव्हा ओप्सेट एकशे शहाऐंशी मतांनी निवडून आला. एकशे शहाऐंशी म्हणजे बारा नव्हेत. ही वजाबाकी मी रोज सकाळी करते आणि रोज बरोबर येते: माझी बारा परत आली असती तरी टेश्नरबाई पडलीच असती. फादर किलियन हेच म्हणाले, डोरोथियाही हेच म्हणाली. दोन दिवस मला त्याने बरंही वाटलं. मग एका सकाळी मी भागाकार केला. एकशे शहाऐंशीला बाराने भागलं तर साडेपंधरा येतात. म्हणजे राज्यात माझ्यासारख्या फक्त सोळा बायका हव्यात. आपल्या वर्गातच एकोणीस होत्या, ओटिलिया. त्यांतल्या किती वर गेल्या ते मला ठाऊक आहे, पण आपल्या आधीही वर्ग होते, नंतरही होते, आणि सिस्टर युसेबियाने एकेचाळीस वर्षं शिकवलं. मी रात्री डोळे मिटले, की साऱ्या राज्यात सुंदर अक्षरात "वरीलप्रमाणे" लिहिणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात.

ओप्सेटने निवडून आल्यावर चौथ्या दिवशी आमची तक्रार निकाली काढली. चौदा महिन्यांचा विचार चार दिवसांत संपला. पत्रात लिहिलंय, की "उपलब्ध पुराव्यांच्या आधारे हस्तक्षेपाची गरज दिसत नाही". मी ते दादाला वाचून दाखवलं. तो पत्त्यांचा डाव मांडून बसला होता, एकटाच, कारण त्याच्या टेबलावरचे दोघे गेल्या आठवड्यात हलले. एक मुलाकडे गेला. दुसऱ्याला नव्वद मैलांवरच्या कुठल्याशा ठिकाणी पाठवलं, तिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि त्याने जेवण सोडलंय असं कळलं. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेंझी, तू फार धावपळ केलीस. बस. गुडघा वाजतोय." तो मला काहीच बोलला नाही, हे मला सहन होत नाही. लहानपणी तो माझ्यावर चिडायचा तेव्हा कसं छान वाटायचं.

व्हर्जिल रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. टोपी काढून म्हणाला, "सेंझी, मी नियमाने वागलो." मी म्हटलं, "ठाऊक आहे. मीच तुला शिकवलं." मग आम्ही दोघंही उगाच बर्फाकडे पाहत उभे राहिलो. आता त्याच्यावर रागावायलाही मला जागा उरलेली नाही आणि या वयात राग नसला की दिवस फार लांबतो.

असो. तब्येतीची काळजी घे. संत्री पाठवू नकोस, वाटेत गोठतात. नॉर्बर्ट यांना पुन्हा नमस्कार.

तुझी ताई,
क्रेसेन्शिया (गावाची सेंझी)

ता. क. तुझ्या घरी मागच्या बाजूला शिवणयंत्राची खोली आहे. तिला पायरी नाही आणि स्वतंत्र दार आहे, हे मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहून ठेवलं होतं. माझ्या घराची न्हाणी वरच्या मजल्यावर आहे, आणि मी दादाला उचलू शकत नाही. मंगळवारी डोरोथियाला खुर्चीत बसवून उचलून पाहिलं, आता आम्ही दोघीही मलम लावतो. नॉर्बर्ट आणि दादा त्या होडीच्या प्रकरणापासून एकवीस वर्षं बोललेले नाहीत, ठाऊक आहे. बोलायची गरज नाही. दोघांनाही आता कमी ऐकू येतं.

ता. क. २. हे तुला न सांगता राहवत नाही. काल मी दादाला विचारलं, की निदान त्याचं मत तरी त्या सतरांत होतं का. तो म्हणाला, नाही, त्याने ओप्सेटला मत दिलं. मी किंचाळले. तो म्हणाला, "त्याने मला वाढदिवसाचं कार्ड पाठवलं होतं. छापील होतं, पण नाव बरोबर लिहिलं होतं. ते एकच आलं." माझं गेलं नव्हतं, कारण मी दिवसभर मतांसाठी हिंडत होते. तुझं का गेलं नाही ते तू बघ.

ता. क. ३. उत्तर लवकर पाठव, हो किंवा नाही. दादाने सोमवारीच सामान बांधलं: एक बॅग, पत्त्यांचा कॅट आणि बाबांचं घड्याळ. कंपनीची मुलगी यादी घेऊन आली होती, कोण कुठे जाणार ते लिहून घ्यायला. तो म्हणाला, बहिणीकडे. तिने विचारलं, कुठल्या? तर म्हणाला, "ती जागा मोकळी ठेव, पोरी. दोघी अजून ठरवतायत."